बाथरूमच्या ड्रेनेजला व्हेंट देताना: मापं, जोडण्या आणि नेमकं कुठे चुकतं

ट्रॅपमध्ये, म्हणजे बेसिन किंवा नहाणीखालच्या वळणदार पाइपात, साठलेलं 50 ते 100 मिमी पाणी हाच गटारातला वायू आणि बाथरूम यांच्यामधला एकमेव अडसर. पाइपातून पाणी जोरात उतरलं की मागे हवा कमी पडते आणि तो ओढा ट्रॅपमधलं पाणीही खेचून नेतो. व्हेंट म्हणजे ड्रेनेजला जोडून बाहेर मोकळ्या हवेत नेलेला हवेचा पाइप. वास वर काढून देणं हे व्हेंटचं दुय्यम काम. मुख्य काम पाण्यामागे हवा पुरवण्याचं. इंटरनॅशनल प्लंबिंग कोड या अमेरिकी नमुना नियमावलीनुसार ट्रॅपच्या सीलवर (त्यात साठलेल्या पाण्यावर) पाण्याच्या 25 मिमीपेक्षा जास्त दाबाचा फरक येता कामा नये. पुढचे बहुतेक नियम या एका अटीतून निघालेले आहेत. इथली मापं या कोडची आहेत. तुमच्या भागात जो लागू असेल तो आधी पाहा, कारण फरक लहान नसतात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ट्रॅप आणि व्हेंट यांच्यामधल्या आडव्या पाइपात. पाणी ट्रॅपमधून ज्या कडेवरून ओसंडतं तिला सांडवा म्हणू. व्हेंटचं तोंड या सांडव्याच्या खाली गेलं, की पाइप पूर्ण भरतो, हवेची वाट बंद होते आणि ट्रॅप स्वतःचंच पाणी ओढून घेतो. म्हणून या आडव्या पाइपाचा एकूण उतार पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त नको. 65 मिमीपर्यंतच्या पाइपाला मीटरमागे साधारण 20 मिमी ढाळ लागतो. या हिशेबाने 32 मिमीच्या पाइपात व्हेंट जास्तीत जास्त 1.5 मीटरवर, 40 मिमीत 1.8 मीटरवर आणि 50 मिमीत 2.4 मीटरवर येतं. युनिफॉर्म प्लंबिंग कोड ही दुसरी अमेरिकी नमुना नियमावली बरीच कडक आहे: तिथे हीच अंतरं अनुक्रमे 0.76, 1.07 आणि 1.52 मीटर आहेत. जागा असेल तर कडक आकडाच धरा. ‘पाणी लवकर जाईल’ म्हणून ढाळ दुप्पट केलात, तर चालणारं अंतर निम्म्यावर येतं. उलट व्हेंट ट्रॅपला अगदी चिकटूनही नको. मध्ये निदान दोन व्यासांइतकं अंतर ठेवा, नाहीतर उसळणारं पाणी आणि साबणाचा चिकटा व्हेंटचं तोंड बुजवतो.

हा आडवा पाइप उभ्या पाइपाला मिळतो तिथे सॅनिटरी टी (टी-आकाराचा, किंचित वळणदार फाट्याचा जोड) वापरा, वाय (Y-आकाराचा, तिरप्या फाट्याचा जोड) नको. वायचा फाटा तिरपा खाली उतरतो. त्यामुळे व्हेंटचं तोंड सांडव्याच्या खाली जातं आणि दिसायला पी-ट्रॅप (ज्यातून पाणी आडवं बाहेर जातं) असला तरी वागतो एस-ट्रॅपसारखा (ज्यातून पाणी सरळ खाली जातं). एस-ट्रॅपला तर कोडची परवानगीच नाही. आडव्या पाइपाला आडवा पाइप जोडताना मात्र वायच हवा. एकामागे एक दोन ट्रॅपही लावू नका. मधली हवा कोंडते आणि पाणी अडखळत जातं.

कमोडची गोष्ट वेगळी. सायफनच्या कमोडमधलं पाणी मुद्दामच ओढलं जातं आणि फ्लशच्या शेवटी सील पुन्हा भरतं. म्हणून इंटरनॅशनल कोड त्याला व्हेंटच्या अंतराची मर्यादा घालत नाही. तरीही व्हेंट हवंच, कारण कमोडचा फ्लश शेजारच्या बेसिनचं आणि नहाणी ट्रॅपचं पाणी खेचतो.

व्हेंटचा व्यास ड्रेनच्या निम्म्याहून कमी नको आणि 32 मिमीपेक्षा लहान कधीच नको. लांबी 12 मीटरच्या पुढे गेली, तर एक माप वाढवा. आडव्या ड्रेनमधून व्हेंट काढताना जोड पाइपाच्या मध्यरेषेच्या वर घ्या, म्हणजे घाण आत शिरत नाही. तिथून ते उभंच न्या. ज्या बेसिनचं किंवा टबचं ते व्हेंट आहे, त्याच्या काठापेक्षा 150 मिमी वर गेल्यावरच आडवं वळवा. खालीच वळवलं, तर ड्रेन तुंबल्यावर व्हेंटमध्ये मैलापाणी साचतं, वाळून बसतं आणि ते कुणाला दिसतही नाही. आडव्या भागाला ड्रेनकडे ढाळ द्या. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी थांबून हवा बंद होते.

एका बाथरूमसाठी प्रत्येक वस्तूला वेगळं व्हेंट देण्याची गरज नसते. बेसिनचा ड्रेन 50 मिमीचा ठेवा, त्याच्या वरून कोरडं (फक्त हवेचं) व्हेंट काढा आणि खाली त्याच पाइपाला आधी शॉवर, मग सगळ्यात शेवटी कमोड जोडा. ड्रेनवर येणारा पाण्याचा भार कोडमध्ये युनिटांत मोजतात: बेसिनचा 1 युनिट, शॉवरचा 2. ओलं व्हेंट म्हणून, म्हणजे पाणी वाहून नेता नेता हवाही पुरवणारा पाइप म्हणून, 50 मिमीला 4 युनिटपर्यंत चालतात. कमोड मात्र प्रवाहाच्या वरच्या बाजूला आला तर पाइप 75 मिमीचा लागतो. युनिफॉर्म कोडला तर कमोड खालच्या बाजूलाच हवा. कमोडपासून पुढचा ड्रेन अर्थातच 75 मिमी किंवा मोठा. स्वयंपाकघराचं सिंक या गटात घुसवू नका.

छतावर पाइप निदान 150 मिमी वर काढा. गच्ची वापरात असेल तर 2.1 मीटर. उघडणाऱ्या खिडकीपासून आडवं 3 मीटर अंतर हवं, नाहीतर तोंड खिडकीच्या वरच्या कडेहून 0.9 मीटर उंच हवं. पोटमाळ्यात किंवा फॉल्स सीलिंगच्या वर व्हेंट सोडून देणं हा सरळ धोका आहे. बर्फ पडणाऱ्या भागात तोंड 75 मिमीपेक्षा लहान असेल, तर ते गोठून बंद होऊ शकतं.

छतापर्यंत जाता येत नसेल, तर एकतर्फी हवा घेणारा झडप-व्हेंट मिळतो. तो आडव्या ड्रेनपेक्षा 100 मिमी वर आणि हात पोहोचेल, हवा मिळेल अशा जागी बसवा. बंद भिंतीत तो निकामी आहे. तो हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. म्हणून इमारतीत किमान एक व्हेंट मोकळ्या हवेत उघडणारं असलंच पाहिजे.

भिंत बुजवण्याआधी तोंडं बंद करून पाइपात 3 मीटर उंचीचं पाणी भरा आणि 15 मिनिटं ठेवा. पातळी हलली, तर गळती शोधा. प्लास्टिकच्या पाइपात दाबाची हवा भरून चाचणी घेऊ नका. तो फुटला तर तुकडे उडतात. सगळं बसल्यावर बेसिन काठोकाठ भरून सोडा आणि त्याच वेळी फ्लश करा. मग नहाणी ट्रॅपची जाळी काढून काठीने पाणी मोजा. 50 मिमीच्या सीलमधलं 25 मिमीपेक्षा कमी उरलं, किंवा बेसिनमधून गुडगुड आवाज आला, तर व्हेंट कमी पडतंय. आवाज नाही, पाणीही पुरेसं आहे, पण बाथरूम आठवडेच्या आठवडे बंद राहिल्यावर वास येतो, तर व्हेंटला दोष देऊ नका: ते पाणी नुसतं आटलेलं असतं, एक तांब्या ओतला की झालं.