ह्युमिलिएट, ह्युमिलिएटेड, ह्युमिलिएटिंग, ह्युमिलिएशन: वाक्यात नीट कसं वापरायचं

आपल्याकडे अपमान हा एकच शब्द सगळीकडे चालतो. लग्नात मानपानात काही कमी पडलं की अपमान, बॉसने चारचौघांत झापलं की अपमान, जेवायला बोलावलं आणि आग्रहच केला नाही तरी अपमान. इंग्लिशमध्ये याची वाटणी झालेली आहे आणि त्यातला सगळ्यात जड वाटा ह्युमिलिएशनकडे गेलाय, त्यामुळे वाक्य बनवायच्या आधी हे बघायचं की इथे हा शब्द पेलतो का.

कोणी काहीतरी लागेल असं बोललं तर तो इन्सल्ट. ऑनलाइन मीटिंगमध्ये माइक चालू राहिला आणि घरातलं भांडण सगळ्यांनी ऐकलं, तर तुम्ही एम्बॅरस्ड. ह्युमिलिएट म्हणजे माणसाची मान खाली जाईल, लोकांच्या नजरेत तो छोटा होईल असं काहीतरी. हा फरक बघायला चांगली जागा म्हणजे आपलाच १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा. त्याच्या कलम ३ मध्ये 'इंटेन्शनली इन्सल्ट्स ऑर इंटिमिडेट्स विथ इंटेंट टु ह्युमिलिएट' असे शब्द आहेत आणि पुढे 'पब्लिक व्ह्यू' चा उल्लेख आहे. एकाच वाक्यात दोन्ही शब्द, आणि कामं वेगळी. इन्सल्ट ही कृती, ह्युमिलिएट हा त्यामागचा हेतू, आणि लोकांसमोर घडणं महत्त्वाचं. त्यामुळे मित्राने तुमच्या शर्टाला नावं ठेवली तर ह्युमिलिएट वापरू नका, उगाच जड होतं.

आता क्रियापद. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो कारण आपण डोक्यात 'त्याने माझा अपमान केला' असं म्हणतो आणि तसंच उतरवतो, 'ही डिड माय ह्युमिलिएशन'. हे चालत नाही. 'केला' साठी वेगळं डिड लागतच नाही, ते ह्युमिलिएटमध्येच आलेलं आहे, म्हणून सरळ 'ही ह्युमिलिएटेड मी'. कोणाचा अपमान झाला ते मात्र लगेच पुढे यायलाच हवं. 'ही ह्युमिलिएटेड इन द मीटिंग' म्हणून थांबलात तर ऐकणारा विचारेल, कोणाला? आणि 'माझा अपमान झाला' म्हणायचं असेल तर 'आय वॉज ह्युमिलिएटेड'. वॉज गाळून 'आय ह्युमिलिएटेड' म्हटलं की तुम्हीच कोणाचा तरी अपमान केला असा उलटा अर्थ निघायला लागतो. कोणासमोर हे सांगायला 'इन फ्रंट ऑफ', कोणाकडून हे सांगायला 'बाय'. 'शी वॉज ह्युमिलिएटेड बाय हर मॅनेजर इन फ्रंट ऑफ द होल टीम', एवढं एक वाक्य तोंडात बसवलं की निम्मं काम झालं.

मग टेड आणि टिंग. ज्याला वाटतं तो ह्युमिलिएटेड, जे घडतं ते ह्युमिलिएटिंग. 'आय ॲम फीलिंग ह्युमिलिएटिंग' हे सर्रास ऐकू येतं आणि ते चूकच आहे, 'आय फील ह्युमिलिएटेड' म्हणा. टिंगवाला शब्द घटनेला लावायचा. १९ डिसेंबर २०२० ला ॲडलेडला आपली टीम दुसऱ्या डावात ३६ रन्सवर आटोपली, टेस्टमधला आपला सगळ्यात कमी स्कोअर, तर 'इंडिया सफर्ड अ ह्युमिलिएटिंग डिफीट ॲट ॲडलेड'. हरलेली मॅच ह्युमिलिएटिंग, प्लेअर्स ह्युमिलिएटेड. (ती सिरीज नंतर आपण २-१ ने जिंकलो, ते वाक्य वेगळं लिहा.)

ह्युमिलिएशन हे नाम. नुसती भावना असेल तर आधी 'अ' लावायचा नाही, 'टिअर्स ऑफ ह्युमिलिएशन'. एखादी ठराविक घटना असेल तर 'अ' येतो, जसं १९१९ च्या व्हर्सायच्या तहाबद्दल 'मेनी जर्मन्स सॉ इट ॲज अ नॅशनल ह्युमिलिएशन'. आणि पुन्हा पुन्हा घडत असेल तर अनेकवचन. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावं लागायचं, ते गोणपाट रोज घरून न्यायचं आणि परत आणायचं, नळाला हात लावायची सोय नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. हे एका दिवसाचं नव्हतं, म्हणून 'ही फेस्ड डेली ह्युमिलिएशन्स ॲट स्कूल'. सोबत येणारी क्रियापदं म्हणजे सफर, फेस, एन्ड्युअर. 'गेट ह्युमिलिएशन' किंवा 'टेक ह्युमिलिएशन' टाळा, कानाला खटकतं.

एक गंमतीची चूक आहे पण महागात पडते. सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, आणि फोटोखाली 'फीलिंग ह्युमिलिएटेड टु रिसीव्ह धिस अवॉर्ड'. म्हणायचं होतं हम्बल्ड, म्हणजे नम्र झालो, भारावलो, आणि लिहिलं की अवॉर्ड देऊन माझी इज्जत काढली!! नम्रता म्हणजे ह्युमिलिटी, तो चांगला गुण आहे, 'टी' वर संपतो. 'शन' वर संपला की अर्थ पार बदलतो.

उच्चारात जोर कुठे द्यायचा? ह्युमिलिएट म्हणताना 'मि' वर आणि ह्युमिलिएशन म्हणताना 'ए' वर. स्पेलिंगमध्ये एम एकच आणि एलही एकच, लोक उगाच डबल टाकतात.

आता खरा उपयोग जिथे पडतो ते म्हणजे ऑफिसची तक्रार. बरेच जण असं लिहितात, 'सर डिड माय ह्युमिलिएशन इन मीटिंग अँड आय ॲम व्हेरी ह्युमिलिएटिंग'. एचआरला यातून नेमकं काय झालं ते कळतच नाही. आधी घटना टाका, मग शब्द. 'इन मंडेज मीटिंग, ही कॉल्ड मी यूसलेस इन फ्रंट ऑफ द क्लायंट. आय फेल्ट ह्युमिलिएटेड.' दोन छोटी वाक्यं, बास. शेवटी 'ही ह्युमिलिएटेड मी' पण बरोबरच आहे, व्याकरणात काही चूक नाही, पण तो सरळ आरोप झाला आणि समोरचा म्हणणार माझा तसा हेतू नव्हता. 'आय फेल्ट' लिहिलं की तुम्हाला काय वाटलं एवढंच सांगितलंत, त्यावर वाद घालणं जड जातं. आणि सोबत व्हेरी लावू नका, हा शब्द मुळातच टोकाचा आहे, लावायचंच असेल तर 'डीपली ह्युमिलिएटेड' किंवा 'पब्लिकली ह्युमिलिएटेड', आणि क्लायंटसमोर घडलं असेल तर पब्लिकलीच टाका.