बेल्ट एक्झामची फी भरायच्या आधी सरांना काय विचारायचं

गुरुवारी रात्री साडेदहाला कराटे क्लासच्या ग्रुपवर मेसेज येतो, रविवारी बेल्ट एक्झाम, ८०० रुपये उद्यापर्यंत जीपे करा आणि स्क्रीनशॉट टाका. पाच मिनिटांत खाली पंधरा स्क्रीनशॉट आलेले असतात, मग आपणही गपचूप टाकतो, कारण आपल्याच पोराचं नाव राहिलं तर कसं दिसेल. मी दोन वर्षं हेच केलं. मुलगा शोतोकान कराटे शिकतो, आधीच्या क्लासमध्ये यलो बेल्ट मिळाला तेव्हा घरी येऊन म्हणाला, "आई, मी काता मधेच विसरलो होतो, तरी पास?" (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या मूव्ह.) त्या दिवशी सकाळी चाळीसेक पोरं बसली होती आणि चाळीसच्या चाळीस पास. तिथून मी विचारायला लागले.

माझं मत आधीच सांगून टाकते, एक्झामची फी घ्यायला काही हरकत नाही, पण पोरगं नापास होऊ शकत असेल तरच. सगळेच पास होणार असतील तर तो बेल्ट आपण दुकानातून आणला काय आणि सरांकडून घेतला काय.

सगळ्यात आधी वर्षाचा हिशोब मांडा. आमच्याकडे महिन्याची फी ७०० होती आणि एक्झाम दर चार महिन्यांनी, म्हणजे वर्षाला तीनदा ८०० असे २४०० झाले, म्हणजे महिन्याला २०० जास्त. क्लासची खरी फी ७०० नाही, ९०० आहे. हे ॲडमिशनच्या दिवशी कुणी सांगत नाही, आणि शोतोकानमध्ये पांढऱ्यापासून ब्लॅकपर्यंत साधारण नऊ-दहा एक्झाम असतात, ब्राऊन आला की फी वाढते, ब्लॅकची तर एकदम हजारांत जाते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारायचं, "सर, ब्लॅकपर्यंतच्या सगळ्या एक्झामची फी लिहून द्याल का?" व्हॉट्सॲपवर दिली तरी चालेल, पण लिहून हवी. जे सर हसून "बघू ना नंतर" म्हणतात तिथे मी तरी सावध होते.

आता सरांची बाजू पण बघा, ती खोटी नाही. रंगीत बेल्ट बाजारात शंभर-दीडशेला मिळतो, पण सर्टिफिकेट छापायचं, हॉलचं भाडं, बाहेरून एक्झामिनर येणार असतील तर त्यांचा प्रवास आणि मानधन, वरच्या संघटनेला द्यायचे पैसे, यात बरंच जातं. उरलेले सरांना राहतात आणि राहू देत की! आपण पालकच महिन्याच्या फीत "दोन भाऊ आहेत, काहीतरी कमी करा" करून ५०-१०० पाडून घेतो, मग सर ते एक्झाममधून भरून काढतात. माझ्या मते सरळ महिन्याची फी शंभरने वाढवावी आणि एक्झामला फक्त खर्चापुरते घ्यावेत. कारण ज्या सरांचं हॉलचं भाडं एक्झामच्या पैशावर निघतं ते पोराला "अजून तयार नाही, पुढच्या वेळी बस" म्हणणार कसे? वाईट माणूस असायची गरजच नाही त्यासाठी.

बेल्टचे रंग म्हणजे काही हजारो वर्षांची परंपरा वगैरे नाही. ज्यूदो सुरू करणाऱ्या कानो जिगोरोंनी १८८२ साली कोदोकान ही आपली शाळा काढली, काळा पट्टा १८८६ च्या सुमारास आला, शोतोकानच्या फुनाकोशींनी कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट १९२४ ला दिले. पिवळा-केशरी-हिरवा ही रांग युरोपात रुळवली ती पॅरिसला ज्यूदो शिकवणाऱ्या कावाइशींनी, १९३५ नंतर, लोकांना आपण पुढे चाललोय असं दिसत राहावं म्हणून. (पांढरा पट्टा न धुता मळून काळा झाला ही गोष्ट पोरांना सांगायला मस्त आहे, पण खरी नाही.) ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या बऱ्याच क्लासमध्ये तर आजही एक्झाम नसते, सरांना वाटलं की एक दिवस सगळ्यांसमोर कमरेला बेल्ट बांधतात. म्हणजे फीशिवाय चालतच नाही असं नाही.

सरांना विचारताना सगळ्यांसमोर नको, क्लास सुटल्यावर, चप्पल घालता घालता. मी एवढंच विचारलं: सर, याला बसवायचं की थांबवायचं, तुम्हाला काय वाटतं? नापास झाला तर परत बसायला पुन्हा पैसे? सर्टिफिकेटवर सही आणि शिक्का कुणाचा? तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण कराटेत शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू अशा वेगवेगळ्या शाखा आणि ढीगभर संघटना, बदली झाली आणि दुसरा क्लास लावला की तिथले सर पुन्हा पांढऱ्यापासून सुरू करायला लावू शकतात. तायक्वांदोत जरा सोपं आहे, ब्लॅकचं 'दान' (म्हणजे ब्लॅक बेल्टची पायरी) सर्टिफिकेट सेऊलच्या कुक्किवॉनचं, म्हणजे तायक्वांदोच्या मुख्य केंद्राचं असेल तर त्यावर नंबर असतो आणि तो तपासता येतो, १५ वर्षांच्या आतल्या पोरांना दानऐवजी पूम मिळतं. आणि "दहावीला मार्क मिळतील" म्हणून घाईघाईत बेल्ट घेऊ नका हो, ते वाढीव मार्क स्पर्धांचे असतात, बेल्टचे नाही.

पोरगं तयार आहे का ते घरी पण कळतं, कराटे यायला लागत नाही. गच्चीवर खडूने फुली मारा, त्यावर उभं करा आणि हेइआन शोदान हा सुरुवातीचा काता करायला सांगा. २१ मूव्ह आहेत, पहिली डावीकडे वळून गेदान बराई (हात खाली आणून अडवणं), दोनदा जोरात किआई (ओरडणं), आणि संपताना पाय परत फुलीपाशी यायला हवेत. थोडंफार इकडेतिकडे चालतं, पण माझा मुलगा पहिल्यांदा थेट पाण्याच्या टाकीपाशी पोचला, कारण जाताना पाय लांब टाकून उभं राहणं आणि येताना कंटाळून आखूड पावलं. व्हिडिओ काढून त्यालाच दाखवला, मी काही बोलले नाही.

आता क्लास बदललाय, महिन्याला ९०० घेतात, एक्झामचे ३५०, परत बसायला पैसे नाहीत. मागच्या वेळी सरांनी सहा पोरं थांबवली, त्यात आमचं पण एक होतं. दोन दिवस तोंड पाडून बसला, तिसऱ्या दिवशी स्वतःच खडू मागायला आला.