विद्यार्थ्यांना घेऊन पाण्याचे नमुने घ्यायला निघण्यापूर्वी

आदल्या संध्याकाळीच बाटल्यांवर नावं घाला. बाटल्या कोरड्या असताना, न पुसणाऱ्या मार्करने आणि बाटलीच्या अंगावर. झाकणावर नको, झाकणं मुलांच्या हातात हमखास बदलतात. मागच्या वेळी हे काम काठावर करू म्हटलं, तर ओल्या प्लास्टिकवर शाई धरेना. चिकटवलेल्या पट्ट्या बर्फाच्या पेटीत सुटून तळाशी गोळा झाल्या आणि विहिरीचं पाणी कुठलं, नळाचं कुठलं हेच सांगता येईना. सगळं ओतून द्यावं लागलं. बाटलीवर लिहायचं ते असं: क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ, नमुना घेणाऱ्याचं नाव. तोच क्रमांक वहीत.

परवानग्या, पालकांची संमती, प्रथमोपचार पेटी हे सांगायला नको. वरच्या अंगाला रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर नदीवर जाणं रद्द. इथे भीड नको.

जंतूंच्या तपासणीच्या बाटल्या वेगळ्या, निर्जंतुक. इतर बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळायच्या, या अजिबात नाही. क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यासाठी यांत क्लोरीन निकामी करणारं सोडियम थायोसल्फेट असतं. ते विसळून गेलं की क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल उगाच चांगला येतो. म्हणून यांवर नावाशेजारी लाल खूण करा. नाव आहे ना? पुन्हा एकदा पेटी उघडून बघा.

पीएच मीटर (पाण्याची आम्लता मोजणारं यंत्र) निघण्यापूर्वी बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणात, जुळवून घ्या. तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचा, बाटलीत दोन्ही बदलतात. ऑक्सिजनच्या विंकलर चाचणीत तीव्र आम्ल आणि अझाइड हे विषारी रसायन असतं. ती कॉलेजच्या मुलांनी, चष्मा-हातमोजे घालून करायची. शाळेतल्यांकडे तापमान, रंग, वास, गढूळपणा आणि वही द्या. हे काम दुय्यम नाही, वही चुकली तर बाकी सगळं वाया.

टीडीएसचा आकडा कमी आला की मुलं पाणी चांगलं ठरवून मोकळी होतात. तो अंदाज फक्त विरघळलेल्या क्षारांचा, जंतूंचा नाही. आधीच बजावा.

प्रयोगशाळेला आधी फोन करा, शनिवारी जाऊन कुलूप बघू नका. जंतूंचे नमुने गार ठेवून ६ तासांत पोचवा, फार तर २४.

बर्फाच्या पेटीत ठेवण्यापूर्वी प्रत्येक बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचा, दुसऱ्याने वहीत खूण करावी.

परतल्यावर साबणाने हात, वहीचे फोटो, वापरलेली रसायनं बेसिनमध्ये न ओतता प्रयोगशाळेकडे. पाणी दूषित निघालं तर ते पिणाऱ्यांना आणि पुरवठा बघणाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. तक्ते नि आलेख नंतर.