प्रकल्पाचे गट पाडताना स्वभावप्रकारांचा उपयोग कसा करावा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी गट पाडण्याचे काम अनेकदा मैत्रीवर नाहीतर हजेरीपटाच्या क्रमावर सोडले जाते. मैत्रीतून जमलेल्या गटात सारखा विचार करणारी मुले एकत्र येण्याची शक्यता अधिक असते. मग कल्पना भरपूर सुचतात पण मोजमाप घ्यायला कुणी बसत नाही, किंवा आकडेमोड चोख होते पण मूळ रचनेलाच पर्याय सुचवणारा कुणी नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक डग्लस वाइल्ड यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या स्वभावप्रकारांच्या मांडणीवरून माहिती मिळवण्याच्या चार आणि निर्णय घेण्याच्या चार अशा आठ पद्धती ठरवल्या, आणि त्या आठही पद्धती प्रत्येक गटात कुणा ना कुणाकडे असाव्यात असा आग्रह धरला.

सत्राच्या सुरुवातीलाच या पद्धती ओळखणारी स्वभावविषयक प्रश्नावली भरून घ्यावी आणि तिचा गुणांशी संबंध नाही हे स्पष्ट सांगावे. प्रत्येकाच्या ठळक पद्धती नोंदवल्यावर, वर्गात जी पद्धत सर्वांत दुर्मीळ असेल ती असणारे विद्यार्थी आधी वेगवेगळ्या गटांत वाटावेत. आपल्याकडच्या वर्गांत तर्काने पृथक्करण करणारे पुष्कळ सापडतात. वापरणाऱ्या माणसाची अडचण ओळखणारे मात्र कमी, म्हणून वाटणी त्यांच्यापासून सुरू करणे शहाणपणाचे. कांदा प्रतवारीचे यंत्र करायचे असेल, तर शेतकऱ्याच्या चाळीत जाऊन कांदे हाताळून पाहणारा, जाळीऐवजी रोलर वापरता येतील का असे विचारणारा, रोलरमधील अंतर आणि मोटरची शक्ती काढणारा, आणि बेअरिंग वेळेत येतील व कार्यशाळेची वेळ मिळेल हे पाहणारा, असे चौघे लागतात.

त्यानंतर कौशल्ये आणि मोकळ्या वेळा जुळवाव्यात. मुलांच्या गटात एकटी मुलगी पडणार नाही, याकडे मी स्वभावप्रकारापेक्षाही अधिक लक्ष देईन.

अशा प्रश्नावलीचा निकाल काही आठवड्यांनी पुन्हा भरल्यास बदलू शकतो, त्यामुळे तिच्या आधारे कुणाला गटाबाहेर ठेवू नये किंवा एकाच कामाला बांधू नये. सत्राच्या मध्यावर सदस्यांकडून एकमेकांच्या कामाचे लेखी मूल्यमापन घ्यावे, आणि कुठे अडत असेल तर गट न मोडता आधी कामांची वाटणी बदलून पाहावी.