फिजिओ शोधताय? आधी रजिस्टरमध्ये नाव बघा

पाठ धरली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं किंवा खांदा वर जाईना की आपण काय करतो, ओळखीत विचारतो आणि मिळेल त्या नंबरवर फोन लावतो. ओळखीतून नाव मिळवण्यात चूक काहीच नाही, सर्जनने सुचवलं असेल तर उत्तमच, पण अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी पाच मिनिटं काढून हा माणूस खरंच फिजिओथेरपिस्ट आहे का तेवढं तपासा, कारण मसाजवाले, जिम ट्रेनर आणि छोटासा कोर्स करून आलेले 'पेन एक्स्पर्ट' सगळे एकाच भाषेत बोलतात.

भिंतीवरच्या फ्रेममध्ये अडकू नका. डिग्री एकदा मिळाली की कायमची, लायसन्स मात्र रिन्यू करावं लागतं आणि काढूनही घेतलं जातं, म्हणून बघायचं ते रजिस्टर, म्हणजे लायसन्स असलेल्यांची अधिकृत यादी. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं, त्या त्या राज्याच्या बोर्डाच्या साइटवर नाव टाकायचं. ब्रिटनमध्ये एचसीपीसी (HCPC) आणि ऑस्ट्रेलियात आप्रा (Ahpra) या नोंदणी करणाऱ्या संस्थांच्या साइटवर बघायचं. ब्रिटनमध्ये तर रजिस्टरवर नसताना स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवणं हा गुन्हाच आहे.

नाव सापडलं म्हणजे झालं असं नाही हं. स्टेटस ऍक्टिव्ह आहे का, मुदत कधी संपतेय, कामावर काही अट घातलीय का, पूर्वी कारवाई झालीय का, हे सगळं वाचा. एकाच नावाचे दोघं निघाले तर रजिस्ट्रेशन नंबरवरून जुळवा. आणि नाव सापडलंच नाही तर लगेच फ्रॉड ठरवू नका, स्पेलिंग वेगळं असतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, सरळ फोन करून रजिस्ट्रेशन नंबर मागा. खरा फिजिओ दहा सेकंदात सांगतो. जो 'कशाला पाहिजे' म्हणतो तिथे मी तरी जाणार नाही.

नावापुढच्या अक्षरांचा घोळ वेगळाच. अमेरिकेत डीपीटी ही डिग्री, पीटी म्हणजे लायसन्सवाला फिजिओ, ओसीएस म्हणजे ऑर्थोपेडिकमधलं स्पेशलायझेशन, आणि पीटीए म्हणजे असिस्टंट, जो फिजिओच्या देखरेखीखाली काम करतो. असिस्टंट वाईट असतो असं नाही, पण क्लिनिकच्या पाटीवर नाव एकाचं आणि रोज हात लावणार दुसराच असं होऊ शकतं, तेव्हा 'माझी ट्रीटमेंट नक्की कोण करणार' हे आधीच विचारून घ्या आणि त्याचंही लायसन्स बघा.

तुमचा त्रास कुठला तेही सांगा. स्ट्रोकनंतरचा हात आणि खेळताना मुरगळलेला घोटा ही दोन वेगळी कामं आहेत, अशा केसेस नेहमी बघता का असं बिनधास्त विचारायचं.

पहिल्या भेटीत त्याने तुम्हाला नीट प्रश्न विचारले पाहिजेत, सांधा हलवून, ताकद तपासून बघितली पाहिजे. काहीही न तपासता थेट मशीन लावून वीस सिटिंगचं पॅकेज पुढे केलं, तर लायसन्स कितीही पक्कं असू दे, दुसरा शोधा.