आधी पडायला शिकवा: ज्युदोचा पहिला महिना

बडोद्यात ज्युदोचा वर्ग काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे व्यायामगुरू प्रा. माणिकरावांचं गाव. इथल्या पुष्कळ पोरांच्या अंगात तालीम असते, आणि कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला. त्यामुळे असं पोर पडताना हात टेकतं किंवा गर्रकन पोटावर वळतं. ज्युदोत याच सवयीनं मनगट, कोपर नाहीतर गळ्याचं हाड मोडतं. म्हणून फेक नंतर, आधी उकेमी, म्हणजे पडणं.

मॅट रोज तपासा. तुकडे सहसा २ मीटर लांब, १ मीटर रुंद, ४ सेंटीमीटर जाड असतात. दोन तुकड्यांच्या सांध्यात तुमचं बोट शिरलं, तर पोराच्या पायाचंही शिरणार. पावसाळ्यात खाली ओल धरते. मॅट उभी करून वाळवा.

मागे पडणं चार टप्प्यांत घ्या: झोपून, बसून, उकिडवं, मग उभं राहून. हनुवटी छातीकडे, नजर पट्ट्याच्या गाठीवर. हनुवटीखाली घडी केलेला रुमाल धरायला लावा. रुमाल पडला, तर डोकं आपटणारच. हात अंगापासून ३० ते ४५ अंशांवर, तळवा खाली. फक्त पंजा नव्हे, कोपरापर्यंतचा सगळा हात एकदम आपटला पाहिजे. हात फार लांब गेला की खांदा दुखावतो, फार जवळ राहिला की कोपर अंगाखाली सापडतं. पाठ फिरवून नुसतं ऐका: पाठ आणि हात मिळून एकच 'थप' यायला हवी. दोन आवाज आले, तर हात चुकतोय.

कुशीवर पडताना एकच हात आपटायचा आणि पायांची कात्री होऊ द्यायची नाही, नाहीतर घोटे एकमेकांवर आदळतात. पुढच्या कोलांटीत करंगळीची कड, हात, खांदा, मग तिरकं उलट्या कमरेकडे. डोकं मॅटला लागता कामा नये.

पहिली फेक ओ-गोशी, म्हणजे कमरेवरून फेकणं, घ्या. ओ-सोतो-गारीची, म्हणजे बाहेरून पाय मारून मागे पाडण्याची, घाई नको: त्यात पोर सरळ मागे जातं, आणि नवशिक्यांच्या डोक्याच्या गंभीर दुखापतींत हा डाव फार आढळतो. फेकणाऱ्यानं शेवटपर्यंत जोडीदाराची बाही वर ओढून धरायची, सोडायची नाही.

डोकं आपटलं, तर "काही नाही सर" हे ऐकून घेऊ नका. त्या दिवशी पोर मॅटबाहेर, घरी निरोप. डोकेदुखी वाढली, उलटी झाली किंवा झापड आली, तर थेट दवाखाना.