पाठवण्याआधी 'तरी', 'च' आणि 'पण' तपासा

निरोप लिहिताना आपण भारदस्त शब्दांसाठी डोकं खाजवतो, आणि घोटाळा करतात ती एकदोन अक्षरी अव्ययं. आमच्या ऑफिसातले बाहेर जाणारे मेसेज माझ्या नजरेखालून जातात. मी सगळ्यात आधी 'तरी' शोधते.

'आज तरी फाइल पाठवा.' हवी असते फाइल, पण वाचणाऱ्याला ऐकू येतं, 'इतके दिवस काय करत होतात?' 'तरी' काढा, वेळ घाला: 'आज चारपर्यंत फाइल पाठवाल का?' टोमणा गेला, मुदत आली. 'तुम्ही फाइल पाठवलीच नाही' यातला 'च' त्याच जातीचा. 'फाइल अजून मिळाली नाही' एवढंही पुरतं. पण म्हणून दिसेल तो 'च' खोडू नका. 'गोळी जेवणानंतरच घ्या' यातला 'च' गेला तर सूचना ढिली पडते.

'पण'च्या नंतर येतं ते लक्षात राहतं. 'काम छान झालंय, पण उशीर झाला' आणि 'उशीर झाला, पण काम छान झालंय' हे वाचून दोन माणसं दोन वेगळ्या चेहऱ्यांनी उठतील. बोलायचं उशिराबद्दलच असेल तर कौतुकाचा मुलामा नको, सरळ उशिराचं लिहा. मुलामा लगेच ओळखू येतो.

तक्रार किंवा चौकशी लिहिताना क्रियापद जपून निवडा. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी लोकांना मोटार अपघातांच्या फिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात 'जोरात आदळल्या' अशा अर्थाचं क्रियापद होतं तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे 40 मैल आलं. नुसतं 'टेकल्या' अशा अर्थाचं होतं तेव्हा सुमारे 32. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? 'आदळल्या' ऐकलेल्या 50 पैकी 16 जण 'हो' म्हणाले. फितीत काच फुटलेली नव्हतीच! तेव्हा 'सिस्टीम कोसळली' लिहिण्याआधी ती अर्धा तास बंद होती एवढंच तर नाही ना, हे बघा.

'फक्त दहा मिनिटांचं काम आहे' हे दुसऱ्याच्या कामाबद्दल कधीच लिहू नका. 'जरा' एका मेसेजात एकदाच.

शेवटी मेसेज थकलेल्या, वैतागलेल्या आवाजात मोठ्याने वाचा. समोरचा बहुधा तसाच वाचणार आहे. जिथे खटकेल तिथलं अव्यय आधी काढून बघा, मग वाक्य बदला.